बारच्या (वकील संघटनेच्या) निवडणुकीला उभी राहू का, करिअरला फायदा होतो का? जरा सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणाऱ्या मॅडमची सनद (वकिलीचा परवाना) सात वर्षांची, जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस, पाच वर्षं सीनियरकडे काढून दोन वर्षांपूर्वी स्वतःचं ऑफिस टाकलंय. आता बारच्या निवडणुकीत एका पॅनलने "आम्हाला एक लेडीज कँडिडेट हवीच आहे, तुम्ही सहसचिवला उभ्या राहा" म्हणून गळ घातलीये. घरचे म्हणतात आत्ता कुठे चार कामं यायला लागली, कशाला नसती उठाठेव. सीनियर म्हणतात पद असलं की ओळखी होतात, कामं येतात, नोटरी, सरकारी वकिलीचं पॅनल, उद्या बार कौन्सिल, सगळीकडे उपयोग होतो. तर काय करावं.

माझी सनद १९९९ ची. आमच्या बारला मी आधी सहसचिव होते, मग काही वर्षांनी सचिव, आणि एक टर्म अध्यक्ष. नंतर एकदा पडले पण, ११ मतांनी. त्यामुळे दोन्ही बाजूंचं सांगू शकते.

पहिली गोष्ट, "कामं येतील का" हा तुमचा खरा प्रश्न नाहीये असं मला वाटतं. खरा प्रश्न हा आहे की तुमचं बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेस, रोज तास-दीड तास तुमच्याशिवाय चालू शकतं का. कारण पद घेतलं की तेवढा वेळ जाणारच, आणि तो रात्रीचा किंवा रविवारचा नाही जाणार, कोर्ट चालू असतानाचाच जाणार.

आता यात बरंच तुमच्या परिस्थितीवर आहे, ते आधीच सांगून टाकते. साठ-सत्तर वकिलांचा तालुक्याचा बार असेल तर सहसचिव म्हणजे नोटीस बोर्डावर सह्या आणि चहाचा हिशोब, त्याने काही बिघडत नाही. जिल्ह्याचा हजार-बाराशे मेंबरांचा बार असेल तर ती अर्धवेळ नोकरी आहे, तीही बिनपगारी. तुमचं काम दिवाणी असेल तर पुरसिस (लेखी निवेदन) देऊन, मुदतीचा अर्ज टाकून एखादी तारीख सांभाळता येते, पण सेशन्सची (गंभीर गुन्ह्याची) ट्रायल असेल आणि आरोपी आत असेल तर तिथे तुम्हीच उभं राहायला लागतं. ऑफिसला ज्युनियर आहे का, आणि नुसता तारीख घेणारा आहे की साक्षीदार हाताळू शकणारा आहे, यावर तर सगळंच अवलंबून.

काम काय असतं ते सांगते, कारण पॅनलवाले ते सांगत नाहीत. सकाळी साडेदहाला बार रूममध्ये पाय टाकला की पहिला सांगतो नळाला पाणी नाही. दुसरा सांगतो काल माझ्या खुर्चीवर अमुक येऊन बसला (बार रूममधलं टेबल-खुर्ची ही वडिलोपार्जित मिळकत असते आणि लोक त्यावर वहिवाटीचा हक्क सांगतात, एकदा तर मी वैतागून म्हटलं होतं की दावा लावा आणि सोबत निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज पण द्या). तिसऱ्याची पोलीस स्टेशनला पीएसआयशी बाचाबाची झालेली असते, त्याला निषेधाचा ठराव आजच पाहिजे असतो. मग एक जुने वकील गेलेले असतात, त्यांच्या शोकसभेची वेळ प्रिन्सिपल डिस्ट्रिक्ट जजना विचारून घ्यायची, नोटीस काढायची, चार ओळी बोलायच्या, आणि ज्यांच्याशी आयुष्यभर पटलं नाही त्यांच्याबद्दलही चांगल्याच बोलायच्या. कुणा साहेबांची (न्यायाधीशांची) बदली झाली की निरोप, नवीन आले की स्वागत. वकीलपत्राचे फॉर्म संपलेत, वेल्फेअरचे (वकील कल्याण निधीचे) स्टॅम्प संपलेत, ई-फायलिंगच्या खोलीतला स्कॅनर बंद आहे. आणि हे सगळं अकराच्या आत आणि मधल्या सुट्टीत बसवायचं.

माझं काय झालं ते सांगते. सचिव असताना एका वाटपाच्या दाव्यात समोरच्या साक्षीदाराचा उलटतपास माझ्याकडे होता. मी बारच्या कामासाठी डिस्ट्रिक्ट जजच्या चेंबरला, मीटिंग लांबली, इकडे आमच्या केसचा पुकारा झाला, ज्युनियर उभी राहिली पण तिची तयारी नव्हती, आणि "नो क्रॉस" ऑर्डर झाली, म्हणजे उलटतपासाची संधीच गेली. नंतर अर्ज देऊन, कॉस्ट भरून ती ऑर्डर रद्द करून घेतली, कॉस्ट अर्थात मी माझ्या खिशातून भरली. साहेबांनी समजून घेतलं, समोरच्या वकिलांनी पण ताणलं नाही. पण अशील म्हातारे गृहस्थ होते, मागच्या बाकावर दिवसभर बसलेले, त्यांनी संध्याकाळी एवढंच विचारलं की बाई, तुम्ही माझ्या वकील आहात का कोर्टाच्या? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर कामं येतात का. त्या त्या वर्षी नाही येत. माझ्या सचिवपदाच्या वर्षात माझं उत्पन्न चांगलंच खाली गेलं, लपवण्यासारखं काही नाही. बारचा सचिव कोण आहे हे पक्षकाराला माहीतच नसतं आणि त्याला फरकही पडत नाही. कामं आली ती दोन-तीन वर्षांनी, आणि ती आली वकिलांकडून. म्हणजे समोरच्या पार्टीशी आधीचे संबंध म्हणून ज्यांना केस घेता येत नव्हती त्यांनी पाठवलेली, हायकोर्टातल्या वकिलांना जिल्ह्यात कुणीतरी विश्वासाचं पाहिजे म्हणून आलेली. ती का आली तर मी कमिटीत असताना लोकांनी मला रोज बघितलं होतं, हिशोब कसा देते, भांडणात कशी बोलते, शब्द दिला तर पाळते का. पण याची दुसरी बाजू अशी की तुम्ही तिथे कमी पडलात तर तेही सगळा बार रोज बघत असतो. कोर्टात एखाद्या दिवशी वाईट युक्तिवाद केला तर दहा लोकांना कळतं, जनरल बॉडीत हिशोब चुकला तर सगळ्या जिल्ह्याला कळतं.

आणि जे पक्षकार "पद बघून" येतात त्यांच्यापासून सांभाळून राहा. माझ्याकडे एक आले होते, फाईल उघडायच्या आधीच म्हणाले मॅडम तुमचं साहेबांबरोबर चहापाणी असतं असं ऐकलं. मी फाईल परत केली. पदाधिकारी म्हणून तुम्हाला चेंबरमध्ये जावंच लागतं, त्यामुळे मी स्वतःपुरते दोन नियम केले होते. एकटीने जायचं नाही, कमिटीतलं कुणीतरी बरोबर पाहिजे. आणि ज्या दिवशी त्या साहेबांच्या बोर्डावर माझं मॅटर आहे त्या दिवशी अजिबात जायचं नाही, भले बारचं काम एक दिवस अडलं तरी चालेल. लोक हसले, पण नंतर बदलून आलेल्या एका साहेबांनी स्वतःच सांगितलं की तुमच्या या सवयीमुळे आम्हालाही बरं पडतं.

पाटीवर पद लिहिण्याचा मोह पण होईल. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ वाचा, त्यात स्पष्ट आहे की नावाच्या पाटीवर किंवा लेटरहेडवर आपण बार कौन्सिलचे किंवा कुठल्या असोसिएशनचे अध्यक्ष, सदस्य आहोत किंवा होतो असं लिहायचं नाही. आता गाडीच्या काचेपासून लग्नपत्रिकेपर्यंत किती जण हा नियम पाळतात ते तुम्ही रोज बघताच.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे कामकाज बंद. प्रचारात याबद्दल कुणी बोलणार नाही पण पदावर आल्यावर पहिल्या तीन महिन्यांत हा विषय तुमच्यासमोर येणारच. हरीश उप्पल खटल्यात सुप्रीम कोर्टाने १७ डिसेंबर २००२ ला सांगून ठेवलंय की वकिलांना संपाचा किंवा बहिष्काराचा हक्क नाही, लाक्षणिक (नावापुरत्या) संपाचा सुद्धा नाही. निषेध करायचा तर निवेदन द्या, फीत लावा, कोर्टाच्या आवाराबाहेर शांततेत मोर्चा काढा. बारची किंवा न्यायालयाची प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्यच पणाला लागलंय अशा अगदी विरळ प्रसंगी एका दिवसापुरतं कोर्ट दुर्लक्ष करू शकेल, आणि तेही अध्यक्षाने आधी चीफ जस्टिस किंवा डिस्ट्रिक्ट जजशी बोलल्यानंतर. ज्याचं वकीलपत्र दाखल आहे त्याने हजर राहायचंच, आणि बारचा ठराव मानला नाही म्हणून कुणावर कारवाई करता येत नाही, हेही त्यात आहे. आता हे सगळं तुम्हाला माहीत असतं, आणि समोर दोनशे वकील घोषणा देत असतात, त्यातल्या निम्म्यांनी तुम्हाला मत दिलेलं असतं. मी अध्यक्ष असताना एका तरुण वकिलाला मारहाण झाली, राग खरा होता, कारण पण खरं होतं. आम्ही डिस्ट्रिक्ट जजना भेटून आलो, एक दिवस अलिप्त राहण्याचा ठराव झाला, मी त्यात एकच ओळ घालून घेतली की जामीन आणि रिमांडची कामं चालतील. त्या ओळीवरून दीड तास भांडण झालं. दुसऱ्या दिवशी माझ्याच एका अशिलाचा जामीन अर्ज होता, मी गेले, उभी राहिले, बाहेर आल्यावर एका सीनियरने तोंड फिरवलं आणि पुढे वर्षभर बोलले नाहीत. आणि पुढच्या निवडणुकीला जी ११ मतं कमी पडली त्यातली काही त्या दिवशीची होती याची मला खात्री आहे. पण तो माझा अशील मुलगा तीन महिने तुरुंगात होता, त्याची आई बाहेर झाडाखाली बसलेली, तिला मी काय सांगणार होते, आज आमचा निषेध आहे म्हणून?

न्यायाधीशांबद्दलच्या तक्रारीचंही असंच. १९९५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या तेव्हाच्या चीफ जस्टिसच्या राजीनाम्यासाठी तिथल्या वकील संघटनांनी आणि बार कौन्सिलने ठराव केले होते, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा रविचंद्रन अय्यर खटल्यात कोर्टाने सांगितलं की असे जाहीर ठराव करून दबाव आणायचा नाही, अध्यक्षाने माहितीची नीट खातरजमा करून ती हायकोर्टाच्या चीफ जस्टिसपर्यंत पोचवायची. तो निकाल हायकोर्टाच्या न्यायाधीशांबाबत होता, पण मी जिल्ह्याच्या पातळीवर पण तीच पद्धत ठेवली. लेखी तक्रार, तारखेनिशी, रोजनाम्याच्या (केसच्या रोजच्या नोंदींच्या) नकला जोडून, आधी डिस्ट्रिक्ट जजकडे. निम्म्या तक्रारी "लिहून द्या" म्हटल्यावरच संपतात.

मग यात मिळतं काय, असं तुम्ही म्हणाल. खूप मिळतं, फक्त ते पैशात मोजता येत नाही लगेच. कोर्ट नावाचं यंत्र आतून कसं चालतं ते कळतं. सहसचिव असताना लेडीज बार रूमच्या टॉयलेटची कडी बसवून घ्यायला मला आठ महिने लागले, हसू नका, पण त्या आठ महिन्यांत मला कळलं की इमारतीची दुरुस्ती कुणाकडे, निधी कुठून येतो, नाझर (कोर्टाचा प्रशासकीय कर्मचारी) काय करू शकतो आणि काय नाही, कुठलं पत्र कुणाच्या सहीने गेलं तर हलतं. हे ज्ञान नंतर दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत), नकला काढताना, मुद्देमाल सोडवताना, सगळीकडे कामाला आलं.

आणि मोठी कामं पण बारच करतो, फक्त ती एका माणसाच्या नावावर लागत नाहीत. मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच घ्या. चार दशकांहून जास्त काळ ती मागणी चालू होती. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांचे बार त्यात होते, आमचा त्यातलाच एक. किती अध्यक्ष आले आणि गेले, किती शिष्टमंडळं मुंबईला जाऊन आली, आणि शेवटी १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे कामकाज सुरू झालं. ज्यांनी सुरुवातीला निवेदनं टाइप केली त्यातले कितीतरी तो दिवस बघायला नव्हते. औरंगाबादला १९८१ मध्ये हायकोर्टाचं बेंच बसायला सुरुवात झाली तेव्हापासून आमचे जुने लोक "त्यांचं झालं, आमचं कधी" म्हणत होते. (कामकाज बंद ठेवूनही त्या मागणीसाठी आंदोलनं झाली, आणि मी वर जे लिहिलं त्याच्याशी ते जुळत नाही, हे मला मान्य आहे. मला स्वतःला त्याचा निकाल अजून लावता आलेला नाही.)

सीनियरने जे फायदे सांगितले त्यांचं पटकन बघू. नोटरीला स्त्री वकिलासाठी सात वर्षांची प्रॅक्टिस लागते, इतरांना साधारणपणे दहा, म्हणजे तुम्ही आजच पात्र आहात, त्यात बारच्या पदाचा कुठे उल्लेख नाही. पब्लिक प्रॉसिक्युटरसाठी पण सात वर्षं, आणि नावांचं पॅनल जिल्हा दंडाधिकारी सेशन्स जजशी सल्लामसलत करून करतात, तिथे सेशन्स जजना तुमचा उलटतपास आठवला पाहिजे, तुमचं सूत्रसंचालन नाही. राजकारण चालतच नाही असं मी म्हणणार नाही, पण त्याच्या भरवशावर दोन वर्षं घालवू नका. आणि बार कौन्सिल ही वेगळीच गोष्ट आहे, बरेच जण बार असोसिएशनची पुढची पायरी समजतात. असोसिएशन म्हणजे आपली संस्था, तिला कुणाची सनद काढता येत नाही. कौन्सिल ॲडव्होकेट्स ॲक्टखालचं वैधानिक मंडळ, सनद देणं आणि कलम ३५ खाली शिस्तभंगाची कारवाई त्यांच्याकडे. महाराष्ट्र आणि गोव्याच्या कौन्सिलला २५ जण निवडून जातात, पसंतीक्रमाने मतदान, आणि निम्म्याच्या आसपास जागा दहा वर्षांहून जुन्या वकिलांच्या असाव्या लागतात. त्या प्रचाराला गडचिरोलीपासून पणजीपर्यंत फिरावं लागतं. हा विचार आत्ता डोक्यातून काढून टाका.

आता "लेडीज कँडिडेट" या शब्दाबद्दल. तो शब्द ऐकला की मी सावध होते. मला पहिल्या वर्षी जी कामं दिली ती म्हणजे ८ मार्चचा कार्यक्रम, ३ डिसेंबरच्या वकील दिनाचं सूत्रसंचालन, आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ. बँकेच्या सहीत मी नव्हते, मीटिंगचं इतिवृत्त मी लिहायचे पण अजेंडा दुसरेच ठरवायचे. सुप्रीम कोर्टाने २ मे २०२४ ला स्वतःच्या बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत किमान एक तृतीयांश जागा महिलांसाठी ठेवायला सांगितल्या तेव्हा त्या वर्षी पदाधिकाऱ्यांमधलं जे एक पद राखीव केलं ते खजिनदाराचं होतं. मला ते फार आवडलं, कारण तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे असते त्याला पुष्पगुच्छ द्यायला कुणी उभं करत नाही. तर पॅनलवाल्यांना सरळ विचारा, चेकवर माझी सही असेल का, अजेंडा ठरवताना मी असेन का. उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

सही घेतलीत तर मात्र हिशोबाची जबाबदारी पण येते. बहुतेक बार १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेले असतात आणि आपल्या राज्यात त्यामुळे ते सार्वजनिक न्यास पण असतात. कमिटी बदलली की ९० दिवसांत न्यास कायद्याच्या कलम २२ चा चेंज रिपोर्ट (बदलाची माहिती) जायला पाहिजे. आम्ही चार्ज घेतला तेव्हा मागच्या तीन कमिट्यांचे रिपोर्ट दाखलच नव्हते, बँक म्हणाली शेड्युल वनला (न्यासाच्या नोंदीच्या उताऱ्यावर) नाव दाखवा मगच सही बदलू. सगळे वकील असलेली संस्था आणि विलंब माफीचा अर्ज लिहायला बसलो आम्ही, कारणात काय लिहायचं यावर अर्धा तास कुणी बोलेना.

तर माझं मत. तुमची डायरी काढा आणि पुढच्या सहा महिन्यांत पुराव्याच्या स्टेजला किती मॅटर आहेत ते मोजा. सात-आठच्या वर असतील आणि ऑफिसला साक्षीदार हाताळणारं दुसरं कुणी नसेल तर या वर्षी सहसचिव नको. त्याऐवजी कार्यकारिणी सदस्य म्हणून उभ्या राहा, किंवा लायब्ररी कमिटी मागून घ्या, तिथे काम दिसतं आणि पुकाऱ्याच्या वेळी कुणी खेचून नेत नाही. तुम्ही पाच वर्षं सीनियरकडे होतात म्हणजे पहिली काही वर्षं बहुतेक त्यांच्याच फाईली चालवल्या असतील, स्वतःच्या नावावरचा उलटतपास आत्ता सुरू झालाय, तो हात या दोन-तीन वर्षांत बसतो आणि नंतर बसवायला फार जड जातं. ज्युनियर चांगला असेल, कामं जास्त करून दिवाणी असतील, आणि सहीचा प्रश्न नीट सुटला असेल तर मात्र उभ्या राहा, घरच्यांना सांगा एक वर्ष उत्पन्न कमी होईल आणि ते आधीच गृहीत धरा. पडलात तरी बिघडत नाही. मी पडले त्याच्या पुढच्या आठवड्यात ज्यांनी माझ्या विरोधात उघड प्रचार केला होता त्यांनीच एक अपील माझ्याकडे पाठवलं, म्हणाले मत वेगळं आणि मॅटर वेगळं.

हो किंवा नाही काहीही ठरलं तरी आजच दोन गोष्टी करा. बारच्या घटनेची प्रत मागून घ्या, ऐकीव नको, छापील. त्यात उमेदवारीला किती वर्षांचं सभासदत्व लागतं ते बघा, काही बारमध्ये सहसचिवला पाच आणि सचिवला दहा असं असतं. आणि वर्गणी भरलीये का ते पावतीनिशी तपासा, कारण बऱ्याच ठिकाणी बाकीदाराचं नाव मतदार यादीतूनच गळतं आणि तुम्ही दुसऱ्या कुठल्या बारच्या पण सभासद असाल तर मत कुठे देणार याचं डिक्लरेशन मागतात, ते शेवटच्या दिवशी द्यायला गेलात तर खिडकीसमोर रांग असते.